फ्लाय फिशिंग

गळाला खऱ्या आमिषाऐवजी पिसे, केस, लोकर व रेशमी धागा गुंडाळून केलेली खोटी माशी लावून मासे पकडण्याची पद्धत. ती मुख्यतः ट्राउट आणि सॅमन या माशांसाठी वापरतात. कोकणातल्या गरवण्याहून ती मुळातच वेगळी आहे. तिथे गरीला, म्हणजे गळाला, शिसे बांधले की त्या वजनामागे दोरी ओढली जाते. इथे माशीला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून दोरीच जड ठेवतात. लवचीक काठीने ती मागे-पुढे झुलवतात आणि तिच्या टोकाचा सहसा नजरेत न येणारा बारीक धागा माशीला अलगद पाण्यावर उतरवतो.

या पद्धतीचे जुने आणि स्पष्ट वर्णन रोमन लेखक इलियन याने इ. स. 200 च्या सुमारास केले. मॅसिडोनियातल्या एका नदीवर लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसे बांधत. खरी माशी का लावत नाहीत, तेही त्याने सांगितले आहे : हात लागला की तिचा रंग जातो आणि पंख चुरगळतात. काठी सहा फूट, दोरीही तेवढीच, रीळ नव्हतेच. जपानमधली तेन्कारा ही पद्धत आजही रिळाशिवायच चालते.

इंग्लंडमध्ये 1496 साली छापलेल्या गळविषयक प्रबंधात 12 खोट्या माशांच्या कृती आहेत. तो ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर खपतो, पण त्याला भक्कम पुरावा नाही. आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँगलर’ (1653) अफाट गाजले. मात्र वॉल्टन स्वतः प्रामुख्याने आमिषवाला. माशीची खरी जाण त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याची, आणि ती 1676 च्या आवृत्तीला जोडलेल्या भागात उतरली.

माशी कशी वापरावी यावरून खरा वाद पेटला तो इंग्लंडच्या हॅम्पशरमधल्या टेस्ट व इचेन नद्यांवर. या नद्यांचे पाणी खडूच्या खडकांतून झिरपून येते, त्यामुळे ते नितळ असते, त्याचे तापमान फारसे बदलत नाही आणि त्यात किडे भरपूर वाढतात. काठावरून मासा दिसतो, तो कोणता किडा टिपतो हेही दिसते. फ्रेडरिक हॅलफर्डने 1886 आणि 1889 च्या ग्रंथांतून इथे ‘सुक्या माशी’चे शास्त्र रचले : पृष्ठभागावर तोंड मारणारा मासा आधी हेरायचा, मग त्याच्या मागच्या बाजूने, प्रवाहाच्या वरच्या दिशेला, तरंगती माशी टाकायची. अनुयायांनी त्याचा धर्म करून टाकला. लंडनमधले वकील जी. ई. एम. स्क्यूज यांनी 1910 मध्ये दाखवून दिले, की ट्राउटचे बरेचसे जेवण पाण्याखालीच होते आणि तिथल्या कोवळ्या किड्यांची, म्हणजे निम्फची, नक्कल करण्यात काही गैर नाही. तरीही सोवळे सुटले नाही. 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निम्फवर रीतसर वादसभा झाली. माशाला यातले काहीच ठाऊक नसावे.

अमेरिकेत थिओडोर गॉर्डनने हॅलफर्डकडून नमुने मागवून कॅट्सकिल डोंगरांतल्या खळाळत्या नद्यांना मानवतील अशा माशा घडवल्या. भारतात, काश्मीरच्या नद्यांत, ट्राउट मासाच ब्रिटिशांनी 1900 च्या सुमारास आणला.

सॅमनची गोष्ट निराळी. समुद्रातून नदीत चढल्यावर तो सहसा खात नाही, मग नक्कल तरी कशाची करणार? म्हणून व्हिक्टोरियन काळात सॅमनसाठीच्या माशा नुसत्या भडक, अलंकारिक होत गेल्या आणि त्यांसाठी जगभरचे पक्षी मारले गेले. त्यांत सह्याद्रीतला राखी रानकोंबडाही होता. त्याच्या मानेच्या पिसांवरचे लाखेच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके माशीच्या ‘डोळ्यां’साठी वापरत. आज त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. पिसांचा हव्यास मात्र ओसरलेला नाही. जून 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. चोर माशा बांधण्यात निष्णात असलेला संगीताचा विद्यार्थी निघाला. अशा पिसांच्या माशा बहुतेकदा पाण्यात पडतच नाहीत. त्या चौकटीत लावून भिंतीवर टांगतात.