नोंदवहीतील तारीख

काळ लोटल्याने हक्क उत्पन्न होतो, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर एखादा मनुष्य बारा वर्षे उघडपणे, अखंड व मालकाचा हक्क न मानता वहिवाट करीत राहिला आणि तोवर मालक कोर्टात गेला नाही, तर पुढे त्याला हुसकावता येत नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात ही बारा वर्षे आहेत. जमीन सरकारची असल्यास तीस. वहिवाटदार आरंभी निर्दोष होता, असा याचा अर्थ नव्हे. कायदा एवढेच ओळखतो की, काळाबरोबर झाड मुळे धरते, विहीर खोदली जाते, भिंत उभी राहते, आणि हे सारे उपटून काढणे हा मूळच्या आगळिकीहून मोठा अन्याय ठरू शकतो. जमिनीविषयी कायदा हे जे शहाणपण दाखवितो, ते माणसाविषयी दाखवितो काय? अमेरिकेत या प्रश्नाला कसकशी उत्तरे मिळत गेली, तो इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत. त्या देशात लक्षावधी माणसे अशी आहेत की, जी अजाण वयात आईबापांचे बोट धरून परवान्यावाचून आली, तेथेच लहानाची मोठी झाली, आणि ज्यांना कोणत्याही दिवशी ‘मायदेशी’ धाडले जाऊ शकते.

आरंभी अमेरिकन कायद्यालाही काळाचे हे महत्त्व मान्य होते. १८९१ च्या कायद्याने गैररीतीने आलेल्या परकीयास परत पाठविण्याची तरतूद केली, ती आगमनापासून एका वर्षाच्या आत. १९१७ च्या कायद्याने ही मुदत बहुतेक प्रकारांत तीन वा पाच वर्षांची केली. मुदत टळली की सरकारचा हात थांबे. मात्र याच काळात दुसरा एक प्रवाह वाहू लागला होता. १८९२ मध्ये चिनी मजुरांना वास्तव्याचा दाखला काढणे सक्तीचे झाले. ज्याच्यापाशी तो नसेल, त्याने आपण पूर्वीपासूनचे रहिवासी असल्याचे सिद्ध करावयाचे, आणि तेही गोऱ्या साक्षीदाराच्या तोंडून. हा कायदा १८९३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला आणि सांगितले की, हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे. वरवर पाहता हे वाक्य सौम्य वाटते. परंतु जी शिक्षाच नव्हे, तिला शिक्षेपूर्वीची संरक्षणेही लागू होत नाहीत, हे त्यातील मर्म आहे. तीन न्यायमूर्तींनी त्यावेळी विरोधी मत नोंदविले होते. पण निकाल टिकला आणि पुढील सर्व इमारत त्यावरच रचली गेली.

१९२४ मध्ये या दोन प्रवाहांचा निकाल लागला. त्या वर्षीच्या कायद्याने देशवार कोटे कायम केले, आणि व्हिसावाचून आलेल्यांच्या हद्दपारीला असलेली मुदतीची मर्यादा काढून टाकली. सरहद्दीवरील गस्तीचे दलही त्याच वर्षी उभे राहिले. यापुढे मनुष्य एक वर्ष राहिला काय आणि चाळीस वर्षे राहिला काय, कायद्याच्या लेखी तो नुकताच कुंपण ओलांडून आलेला. काळाचे गणितच पुसले गेले.

पण ते अव्यवहार्य आहे, हे पाच वर्षांतच तेथील काँग्रेसच्या ध्यानात आले. २ मार्च १९२९ रोजी संमत झालेल्या कायद्याने एक नोंदवही उघडली. जो ३ जून १९२१ पूर्वी देशात आला, तेव्हापासून तेथेच राहिला व ज्याची वर्तणूक चांगली आहे, पण ज्याच्या आगमनाची नोंद सापडत नाही, त्याने वीस डॉलर भरून आपले नाव घालावे आणि कायदेशीर रहिवासी व्हावे. जुना हिशेब माफ झाला. अवघ्या दोन दिवसांनी, ४ मार्चला, दुसऱ्या कायद्याने चोरून प्रवेश करणे हा गुन्हा ठरविला. एका हाताने मागचे मिटवावयाचे व दुसऱ्याने पुढचे अडवावयाचे, असे ते धोरण होते. या नोंदवहीचा लाभ झाला तो बहुतांशी युरोपातून व कॅनडातून आलेल्यांना. त्याच सुमारास सुरू झालेल्या मंदीत मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना, त्यांत अमेरिकेतच जन्मलेल्या नागरिक मुलांनाही, सरहद्दीपार जावे लागले. कॅलिफोर्निया राज्याने त्याबद्दल २००५ मध्ये कायदा करून क्षमा मागितली.

या नोंदवहीचा पुढील प्रवास लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. ३ जून १९२१ ही तारीख काही वर्षांनी १ जुलै १९२४ वर आणली गेली. १९५८ मध्ये ती २८ जून १९४० झाली; १९६५ मध्ये ३० जून १९४८; आणि १९८६ मध्ये १ जानेवारी १९७२. दर वेळी कायदा आणि तारीख यांत आठ ते अठरा वर्षांचे अंतर होते. म्हणजे एका पिढीने मुळे धरली की कायदा तिच्याकडे एक पाऊल सरकत असे. त्यासाठी फार मोठी आंदोलने करावी लागली नाहीत; एका कलमातील तारीख तेवढी बदलावयाची. आणि १९८६ नंतर ती बदललेलीच नाही. १९७३ मध्ये आईच्या कडेवर बसून ज्याने सरहद्द ओलांडली, त्या मनुष्याची पन्नाशी उलटून गेली, तरी त्या नोंदवहीत त्याला जागा नाही.

कारकुनी करण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्या आम्हांस तारखेचे सामर्थ्य कोणी शिकवावयास नको. एका दिवसाने माणूस नियमात बसतो आणि एका दिवसाने नियमाबाहेर जातो. आपल्याकडे निवृत्तिवेतनाचे उदार नियम ३१ मार्च १९७९ ला सेवेत असलेल्यांपुरतेच लागू केले, तेव्हा नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी तो भेद अमान्य केला. सोईसाठी निवडलेल्या तारखेने सारख्या माणसांत भिंत उभी करता येत नाही, हे त्या निकालाचे सार. त्या निकालाची आठवण निवृत्त कर्मचारी दरवर्षी त्या दिवशी आवर्जून ठेवतात. तारीख ही आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी लिहितो, आणि म्हणूनच ती का लिहिली व का पुढे सरकविली नाही, हे विचारता येते.

योगायोग असा की, त्याच १९८२ साली, १५ जूनला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढील एका खटल्याचा निकाल लागला. टेक्सस राज्याने १९७५ मध्ये कायदा करून, रीतसर प्रवेश न मिळालेल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा रोखला होता. टायलर नावाच्या गावी शाळाखात्याने अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला एक हजार डॉलर फी मागितली. चारांविरुद्ध पाच मतांनी न्यायालयाने हे रद्द केले. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालाचा आशय असा की, आईबापांच्या कृत्याचे प्रायश्चित्त मुलांना देणे न्यायाला धरून नाही, आणि कायमचा अशिक्षित वर्ग निर्माण करण्यात राष्ट्राचेही हित नाही. विरोधी मत देणाऱ्या सरन्यायाधीश बर्गर यांनाही धोरण म्हणून तो कायदा योग्य वाटत नव्हता. ते सुधारण्याचे काम कायदेमंडळाचे, एवढेच त्यांचे म्हणणे.

शाळा उघडली; पण शाळेपुढचा रस्ता उघडला नाही. बारावीपर्यंत ही मुले इतरांच्या बाकावर बसून तोच इतिहास शिकत, त्याच ध्वजाला वंदन करीत. सोळाव्या वर्षी मोटारीचा परवाना काढावयाची वेळ आली म्हणजे पुष्कळांना प्रथमच घरातून कळे की, आपल्यापाशी कागद नाही. १९८६ च्या कायद्याने १९८२ पूर्वी आलेल्यांना व शेतमजुरांना मिळून सुमारे २७ लाख लोकांना वास्तव्य दिले. पण नंतरच्यांना काहीच नव्हते. १९९६ च्या कायद्याने उरलेल्या वाटाही अरुंद केल्या. पूर्वी सात वर्षांचे वास्तव्य, चांगली वर्तणूक आणि हद्दपारीने होणारी तीव्र हलाखी दाखविली तर न्यायाधीशाला ती रोखता येई. आता दहा वर्षे हवीत, आणि स्वतःची हलाखी उपयोगाची नाही. नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या पतीपत्नीची, आईबापांची वा मुलांची असाधारण हलाखी दाखवावी लागते. शिवाय अशा मंजुरींवर वर्षाला चार हजारांची मर्यादा. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर जो एक वर्ष विनापरवाना राहिला, तो बाहेर पडून रीतसर येऊ म्हणेल, तर त्याला दहा वर्षे प्रवेश बंद. ‘रांगेत उभे राहा’ असे ज्याला सांगावयाचे, त्याच्यासाठी रांगच नव्हती.

ही कोंडी फोडण्यासाठी सिनेटर डर्बिन व हॅच या दोन विरुद्ध पक्षांच्या सभासदांनी २००१ मध्ये एक विधेयक आणले. त्यावरील साक्षीसाठी १२ सप्टेंबर हा दिवस ठरला होता. आदल्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि ती बैठक झालीच नाही. डिसेंबर २०१० मध्ये अशा विधेयकाला प्रतिनिधिगृहाने संमती दिली. सिनेटमध्ये ५५ मते पडली, हवी होती ६०. मग १५ जून २०१२ रोजी, म्हणजे शाळांच्या त्या निकालाला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, ओबामा सरकारने खात्याचा एक आदेश काढला. सोळा वर्षांचे होण्यापूर्वी आलेल्या व पाच वर्षे सतत राहिलेल्या तरुणांवरील कारवाई दोन दोन वर्षे स्थगित ठेवावी आणि त्यांना काम करण्याचा परवाना द्यावा. आठ लाखांहून अधिक लोकांना त्याचा लाभ मिळाला.

कायदा आणि परिपत्रक यांतील अंतर आमच्या वाचकांपैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक असेल. जे परिपत्रकाने येते, ते परिपत्रकाने जाते. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ट्रम्प सरकारने तो आदेश मागे घेतला. १८ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माघार रद्द केली, परंतु रीत चुकली म्हणून. सरकारला असा अधिकारच नाही, असे न्यायालय म्हणाले नाही. २०२१ मध्ये टेक्ससमधील न्यायालयाने नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबविले, जुन्यांची मुदत तेवढी वाढत राहिली. विपरीत गोष्ट अशी की, ज्यांनी सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःहून नाव, पत्ता व बोटांचे ठसे दिले, त्यांचाच ठावठिकाणा सरकारी दप्तरात सर्वात बिनचूक नोंदलेला आहे.

विरुद्ध बाजूचे म्हणणे हलके लेखण्याजोगे नाही. प्रत्येक माफी पुढच्यांना आमंत्रण देते, असे ती बाजू सांगते, आणि १९८६ नंतर विनापरवाना राहणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली हे खरे आहे. जे वर्षानुवर्षे रीतसर थांबून आहेत, त्यांच्यावर अन्याय का, हाही आक्षेप आहे. त्या थांबणाऱ्यांत भारतीय मोठ्या संख्येने आहेत, आणि मराठी घरेही त्यांत आहेतच. परंतु तेथेही पाहावे तर तीच कथा. आईबापांच्या परवान्यावर कायदेशीरपणे आलेले मूल एकविसाव्या वर्षी त्या परवान्यातून बाहेर पडते. कायम वास्तव्याचा आईबापांचा अर्ज रांगेतच असतो, आणि वाढलेल्या मुलाला दुसरा परवाना न मिळाल्यास देश सोडावा लागतो. २०१२ चा आदेशही त्याच्या कामाचा नव्हता, कारण तो विनापरवाना असलेल्यांसाठीच होता. म्हणजे मूल रीतसर आले काय, अन्यथा आले काय, त्याने तेथे घालविलेल्या वर्षांना कायदा मोजीत नाही. रोग दोघांचा एकच. एकाला औषध दिल्याने दुसऱ्याचे हिरावले जाते, असे मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आम्हां मंडळींना या प्रश्नाची एक बाजू चटकन उमगेल. आमच्या मुलांना ‘गाव कोणते?’ असे विचारले म्हणजे ती सातारा किंवा रत्नागिरी सांगतात. तेथे त्यांना घर नाही, शेजार नाही, बाजाराची वाट ठाऊक नाही. आमच्या घटनेने भारतात कोठेही राहण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे, म्हणून ते उत्तर निरुपद्रवी राहते. ज्या देशात तसा हक्क नाही, तेथे याच उत्तराच्या आधारे माणसाला विमानात बसविले जाते. ‘परत पाठविणे’ या शब्दांत परत जाण्याजोगी जागा गृहीत धरलेली असते. जो दोन वर्षांचा असताना निघाला, त्याच्याजवळ ती नसते.

उपाय नवा शोधावयास नको. जुलै २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात एक विधेयक मांडले गेले. १९२९ च्या त्या नोंदवहीतील तारीख एकदाच पुढे न नेता, सात वर्षे वास्तव्य झालेल्या प्रत्येकास अर्ज करता यावा, अशी ती आपोआप सरकत राहावी, एवढीच त्यातील योजना होती. ते संमत झाले नाही. पण ज्या काँग्रेसने चोरून येणे हा गुन्हा ठरविला, तिनेच त्याच आठवड्यात जुन्या रहिवाशांसाठी नोंदवही उघडली होती, आणि नंतर चार वेळा तिच्यातील तारीख पुढे नेली गेली. कडक होणे आणि वर्षांची कदर करणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्या देशाच्याच कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले आहे. ते पान अजून रद्द झालेले नाही. त्यावर १ जानेवारी १९७२ ही तारीख आहे.