दत्तावसर कवीची दिनचर्या

प्रतिभेविषयी बोलताना मराठी समीक्षेचा स्वर बहुधा भक्तीचा असतो. ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून लेखनाचे तंत्र अभ्यासाने आत्मसात करता येते अशी भूमिका घेतली, आणि ‘तंत्रवादी’ हे विशेषण त्यांना कायमचे चिकटले. ते गौरवाने क्वचितच उच्चारले जाते. वस्तुतः हा प्रश्न फडक्यांच्या हजार वर्षे आधी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हाताळला होता, आणि तोही अधिक मोकळेपणाने.

राजशेखर इसवी सन ९०० च्या सुमारास कनौजच्या प्रतीहार राजांच्या आश्रयाला होता. आपला पणजा अकालजलद याला तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो, म्हणून आपल्याकडे त्याच्याविषयी थोडी आपुलकीही आहे. परंतु एम.ए.च्या वर्गात त्याची गाठ पडते ती कारयित्री आणि भावयित्री या दोन प्रतिभांवरील टिपेपुरती. ज्या दहाव्या अध्यायात त्याने कवीचा दिवस कसा जावा हे सांगितले आहे, तो अध्याय विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. आमच्या मते ही मोठीच हानी आहे.

या दिवसाचे चार प्रहर केलेले आहेत. पहिल्या प्रहरात विद्यांचे अध्ययन, दुसऱ्यात काव्यरचना. मध्यान्ही स्नान, भोजन. तिसऱ्या प्रहरात काव्यगोष्ठी, आणि चौथ्यात सकाळी रचलेल्याचे परीक्षण, एकट्याने किंवा मोजक्या जाणकारांसह. रसावेशात लिहिताना विवेचक दृष्टी राहत नाही, म्हणून परीक्षण नंतर करायचे, हे त्याचे कारण. रचना आणि तपासणी यांच्यात त्याने जाणीवपूर्वक अंतर ठेवले आहे. लिहिता लिहिताच खोडणाऱ्यांनी याचा विचार करावा. पुढे साहित्याची यादी येते: फळी आणि खडू, ताडपत्रे वा भूर्जपत्रे, लेखणी, दौत, लोखंडी काटे, इतकेच नव्हे तर लिहिण्यासाठी घासून गुळगुळीत केलेल्या भिंतीसुद्धा! हा काव्यविद्येचा परिकर असे आचार्य म्हणतात, एवढे नोंदवून राजशेखर स्वतःचे मत देतो: प्रतिभा हाच खरा परिकर. दिनचर्या आखून देणारा हा मनुष्य तिच्या मर्यादाही ओळखून होता.

आता कोणी म्हणेल, ही चर्या दरबारी आश्रितासाठी. ते खरेच आहे. त्याच्या कवीच्या घरी सहा ऋतूंना योग्य अशी स्थाने आहेत, उपवन आहे, पुष्करिणी आहे, परिचारक आहेत. नोकरी करून लिहिणाऱ्याने काय करावे? तोही राजशेखराच्या नजरेतून सुटलेला नाही. कवींचे चार वर्ग तो सांगतो. गुहेत किंवा तळघरात शिरून निष्ठेने लिहिणारा असूर्यम्पश्य. लिहावेसे वाटेल तेव्हा लिहिणारा निषण्ण. प्रसंगानुसार रचणारा प्रायोजनिक. आणि सेवादी कर्तव्यांना बाध न आणता उरलेल्या वेळात लिहिणारा दत्तावसर. केशवसुत शाळामास्तर होते, मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते. अर्वाचीन मराठी कवितेतील कितीतरी नावे या चौथ्या वर्गात बसतात.

दत्तावसराला त्याने नेमके काळ काढून दिले आहेत. रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा अर्धा भाग, तो सारस्वत मुहूर्त. भोजनोत्तर काळ, कारण तृप्तीने स्वास्थ्य येते. (आणखी एक काळ वर्गात सांगण्याजोगा नाही.) आणि पालखीतला प्रवास! इतर विषयांपासून सुटलेले चित्त तेव्हा जिथे लावावे तिथे गुळवेलीसारखे चिकटते. पालखीच्या जागी लोकल किंवा एस.टी. घातली की हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

रचना कशाने नष्ट होते याचीही त्याने मीमांसा केली आहे. आग, पाणी, देशत्याग, कवीचे अल्पायुष्य ही कारणे अपेक्षितच. परंतु ‘नंतर पुरे करीन, नंतर सुधारीन, मित्रांशी चर्चा करीन’ ही कर्त्याची चलबिचल त्याने राष्ट्रावरील अरिष्टाच्या शेजारी बसवली आहे. आमच्या पिढीतल्या कित्येक प्राध्यापकांच्या खणांत अर्धवट राहिलेल्या कादंबऱ्या आहेत, आणि राष्ट्रावर तर तेव्हा कोणतेही अरिष्ट नव्हते.

सिद्ध झालेल्या ग्रंथाच्या अनेक प्रती करून ठेवाव्यात, असेही तो बजावतो. त्याच्या स्वतःच्या ग्रंथाची योजना अठरा अधिकरणांची होती. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेने १९१६ मध्ये आपले पहिले पुष्प म्हणून तो प्रसिद्ध केला, तेव्हा हाती होते एकच अधिकरण, ‘कविरहस्य’.