चिपाडातले पंचकोनी वलय

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन शेजारी तालुके. भीमा आणि घोड या नद्या व कालवे यांच्या पाण्यावर इथे ऊस वाढला. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे सहकारी साखर कारखाने याच मुलखात उभे राहिले. दौंड तालुका तर गुऱ्हाळांसाठीच ओळखला जातो. गुऱ्हाळावर गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते की चरकातून निघालेले चिपाड उन्हात वाळवतात आणि तेच काहिलीखालच्या चुलवणात सारतात. साखर कारखान्यात त्यालाच बगॅस म्हणतात आणि तेही मुख्यतः बॉयलरमध्ये जळते.

याच दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर, कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. औषधे आणि त्यांना लागणारी रसायने बनवणारे कारखाने तिथे आहेत. आज वापरात असलेल्या बहुतेक औषधांच्या रेणूंत एक तरी विषमचक्रीय वलय असते. उसाचे चिपाड आणि असे वलय यांचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो संबंध आहे, आणि तो पुरता उलगडायला रसायनशास्त्राला एकशेवीस वर्षे लागली. त्या एकशेवीस वर्षांची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

विषमचक्रीय म्हणजे काय?

बेंझीनच्या वलयात सहाही अणू कार्बनचे असतात. वलयातील एखाद्या कार्बनच्या जागी ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा गंधक यांचा अणू बसला की ते संयुग विषमचक्रीय झाले. चार कार्बन व एक ऑक्सिजन यांचे पाच कोनांचे वलय म्हणजे फ्युरान. ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन आला की पायरोल, गंधक आले की थायोफिन. आपल्या रक्तातील हीम आणि उसाच्या पानातील हरितद्रव्य या दोहोंचा सांगाडा चार पायरोल वलये जोडूनच बनलेला आहे. निसर्ग अशी वलये सहज बांधतो. प्रयोगशाळेत ती बांधायची कशी, आणि बांधताना मागे काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

एक ओळखीचे नाव

मूलद्रव्यांचे वर्गीकरण शिकवताना डोबेरायनरची त्रिके आपण फळ्यावर लिहितो. त्याने ती १८२९ मध्ये मांडली. जर्मनीतील येना येथील या प्राध्यापकाने १८२३ मध्ये आणखी एक शोध लावला होता. प्लॅटिनमच्या सच्छिद्र चुऱ्यावर हायड्रोजनचा झोत सोडला की तो हवेत आपोआप पेट घेतो आणि प्लॅटिनम मात्र जसेच्या तसे राहते. यावरून त्याने दिवा बनवला, आणि काडेपेटी रुळण्यापूर्वीच्या काळात तो घरोघरी वापरला गेला. अशा क्रियांना उत्प्रेरण हे नाव बर्झेलिअसने १८३५ मध्ये दिले.

याच डोबेरायनरने १८३२ मध्ये आणखी एक नोंद प्रसिद्ध केली. फॉर्मिक आम्ल तयार करताना त्याला कडू बदामाच्या वासाचे थोडेसे तेल मिळाले होते. ते फरफ्युरल होते, म्हणजे फ्युरानचे वलय आणि त्याला जोडलेला एक अल्डिहाइड गट. उत्प्रेरक आणि फ्युरानचे वलय या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती आल्या होत्या. त्या एकत्र येण्यासाठी मात्र पुढच्या शतकाची वाट पाहावी लागली.

स्कॉटलंडच्या जॉन स्टेनहाऊसने १८४० मध्ये दाखवले की कोंडा, ओट, लाकडाचा भुसा यांपैकी काहीही सौम्य गंधकाम्लाबरोबर उकळून ऊर्ध्वपातन केले, तरी तेच तेल मिळते. १८४५ मध्ये जॉर्ज फाउन्सने लॅटिनमधील कोंड्याच्या नावावरून, म्हणजे ‘फुरफुर’वरून, त्याला नाव दिले. फ्युरान या नावाचे मूळही तेच.

बारावीच्या प्रात्यक्षिकात आपण हेच करतो, फक्त ते लक्षात येत नाही. मोलिश परीक्षेत संहत गंधकाम्ल शर्करेतील पाणी काढून घेते. त्यातून फरफ्युरल किंवा त्याचे भावंड असलेले हायड्रॉक्सिमेथिल फरफ्युरल तयार होते आणि अल्फा-नॅफ्थॉलशी संयोग पावून जांभळे कडे उमटवते. ते कडे म्हणजे परीक्षानळीत नुकतेच तयार झालेल्या विषमचक्रीय वलयाची खूण आहे.

चिपाडाचा हिशेब

चिपाडात सेल्युलोज, लिग्निन आणि हेमिसेल्युलोज असे तीन मुख्य घटक असतात. कोरड्या चिपाडाचा साधारण चौथा हिस्सा हेमिसेल्युलोजचा असतो. त्याचे पाण्याच्या साहाय्याने विघटन केले की मुख्यतः झायलोज ही पाच कार्बनची शर्करा मिळते. झायलोजचा रेणुभार १५०. त्यातून पाण्याचे तीन रेणू, म्हणजे ५४, गेले की ९६ उरतात, आणि फरफ्युरलचा रेणुभार तेवढाच आहे. एक टन कोरड्या चिपाडात हेमिसेल्युलोज २५० किलो धरले, तर त्यातून जास्तीत जास्त सुमारे १८० किलो फरफ्युरल निघू शकते. जुन्या पद्धतीत यातले निम्म्याच्या आसपासच हाती येते. बाकीचे फरफ्युरल त्याच आम्लात तापून काळ्या डांबरासारखे होते.

अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीकडे ओटच्या टरफलांचे ढीग साचत होते. १९२२ मध्ये तिने आयोवातील सीडर रॅपिड्स येथे त्यापासून मोठ्या प्रमाणावर फरफ्युरल काढायला सुरुवात केली. तोवर प्रयोगशाळेतील दुर्मीळ वस्तू असलेले हे तेल पिंपांतून मिळू लागले. आज ओतशाळेत वाळूचे साचे घट्ट करणारे फ्युरान रेझिन ज्या फरफ्युरिल अल्कोहोलपासून बनते, ते तयार होते फरफ्युरलपासूनच.

उत्प्रेरकाचे काम

आता प्लॅटिनमचे भाईबंद कामाला आले. फरफ्युरलची वाफ पॅलेडियमवरून नेली की कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि फ्युरान उरते. १९३६ मध्ये रशियन रसायनज्ञ युर्येव याने फ्युरान आणि अमोनिया यांची वाफ तापलेल्या ॲल्युमिनावरून नेली. ऑक्सिजन पाण्याच्या रूपात बाहेर पडला आणि त्याच्या जागी नायट्रोजन बसून पायरोल मिळाले. अमोनियाऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरले की थायोफिन मिळते. पाल आणि क्नोर यांनी १८८४ मध्ये दाखवलेल्या मार्गात थायोफिनसाठी फॉस्फरसचे सल्फाइड खर्ची पडते आणि फॉस्फरसयुक्त गाळ उरतो. इथे उत्प्रेरक जागच्या जागी राहतो आणि बाहेर पडते ते पाणी.

गंधकयुक्त विषमचक्रीय संयुगांचा विषय पुण्याला परका नाही. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. १९६६ ते १९७८ या काळात तिचे संचालक असलेले डॉ. बा. द. टिळक यांनी ऑक्सफर्डला सर रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे संशोधन केले होते, आणि गंधकाची वलये हा त्यांच्या अभ्यासाचा खास विषय होता.

विजेने बांधलेला बंध

एकशेविसावे वर्ष १९५२. डेन्मार्कच्या निल्स क्लाउसन-कास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्युरान थंड मिथेनॉलमध्ये मिसळले, त्यात थोडे अमोनियम ब्रोमाइड घातले आणि विद्युतप्रवाह सोडला. धनाग्रावर ब्रोमाइडचे ब्रोमिन होते. ते फ्युरानवर हल्ला करते, लगेच त्याची जागा मिथेनॉल घेते आणि ब्रोमाइड पुन्हा मोकळे होते. मोकळे झालेले ब्रोमाइड परत धनाग्राकडे जाते. ऋणाग्रावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. हाती येते डायमिथॉक्सी-डायहायड्रोफ्युरान. त्यात हायड्रोजन मिळवून ॲनिलिनसारख्या अमाइनबरोबर ॲसेटिक आम्लात तापवले की पायरोलचे वलय तयार होते. पुढे जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने हे विद्युत-संश्लेषण औद्योगिक प्रमाणावर आणले.

विजेचे काय एवढे कौतुक, असे कोणी विचारील. त्यासाठी फळ्यावर हिशेब मांडू. जुन्या रीतीत ६८ ग्रॅम फ्युरान, १६० ग्रॅम ब्रोमिन आणि ६४ ग्रॅम मिथेनॉल घेतले की १३० ग्रॅम माल मिळतो आणि १६२ ग्रॅम हायड्रोजन ब्रोमाइड तयार होते. ते सोड्याने मारले की २०६ ग्रॅम सोडियम ब्रोमाइड उरते. म्हणजे मालापेक्षा मीठच जास्त. त्यातले ब्रोमिन परत मिळवता येते, पण त्यासाठी वेगळा खर्च करावा लागतो. विजेच्या रीतीत ६८ ग्रॅम फ्युरान आणि ६४ ग्रॅम मिथेनॉल यांपासून तोच १३० ग्रॅम माल मिळतो, आणि सोबत सुटतो तो फक्त २ ग्रॅम हायड्रोजन. त्यासाठी फॅराडेच्या नियमाप्रमाणे १,९३,००० कूलोम वीज लागते. १० अँपिअरचा प्रवाह साधारण ५ तास २२ मिनिटे चालवला की काम झाले. अर्थात हा शंभर टक्के कार्यक्षमतेचा हिशेब आहे आणि प्रत्यक्षात वीज थोडी जास्त लागते.

अमेरिकेच्या बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये अणूंच्या काटकसरीची कल्पना मांडली. घातलेल्या अणूंपैकी किती अणू मालात आले, हे मोजायचे. या मापाने पहिली रीत ४५ टक्क्यांची ठरते, तर दुसरी ९८ टक्क्यांची.

कुरकुंभसाठी याचा अर्थ

कुरकुंभच्या परिसरातील शेतकऱ्यांनी सांडपाण्यामुळे विहिरी आणि ओढे खराब होत असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे केल्या आहेत. सांडपाणी शुद्ध करणे आवश्यकच आहे, पण तो शेवटचा उपाय आहे. विहिरीत उतरणारा क्षार कोणत्या समीकरणाच्या उजव्या बाजूला जन्मला, हे विचारणे हा पहिला उपाय आहे. मार्ग निवडतानाच निम्मे प्रदूषण ठरून जाते, हे रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना कळायला हवे.

वीज म्हणजे सर्व रोगांवर औषध, असे आमचे म्हणणे नाही. वीज कोळशाची असेल तर धूर आपल्या गावाऐवजी दुसऱ्या गावात निघतो. विद्युताग्रांवर चिकट थर बसतात. फ्युरान ३१ अंशांनाच उकळते, ते भडका घेते आणि आरोग्याला घातक आहे. शिवाय पहिल्या पायरीवरचे गंधकाम्ल शिल्लक राहतेच. त्यावरही काम झाले आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. परेश ढेपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बगॅस, भाताचे तूस यांसारख्या शेतीतील टाकाऊ मालातील हेमिसेल्युलोजपासून घन आम्ल-उत्प्रेरक वापरून शर्करा आणि फरफ्युरल मिळवल्याचे प्रसिद्ध केले. घन उत्प्रेरक गाळून परत वापरण्याची सोय असते.

चिपाड रसायनांना दिले तर चुलवणात काय घालायचे, हा गुऱ्हाळवाल्याचा प्रश्नही रास्त आहे. परंतु फरफ्युरलसाठी लागतो तो चौथा हिस्सा. उरलेले सेल्युलोज आणि लिग्निन वाळवून जाळता येते, आणि फरफ्युरलचे कारखाने तसे करतही आले आहेत.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. फ्युरान आणि ब्रोमिन शाळेत आणू नयेत. मोलिश परीक्षा मात्र शिक्षकांनी स्वतः, पुरेशी काळजी घेऊन, चिपाडाच्या चिमूटभर भुकटीवर करून दाखवावी. संहत आम्ल चिपाडातील बहुशर्करा फोडते आणि जांभळे कडे दिसते. मग वरची दोन समीकरणे मुलांकडून संतुलित करून घ्यावीत, दोन्ही बाजूंचे वजन मांडायला सांगावे आणि विचारावे की आपल्या गावाशेजारी कारखाना काढायचा झाला, तर यांतली कोणती रीत निवडाल आणि का.