अमेरिकन यादवी युद्ध : सातारा-सांगलीतील आकलन

अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांत 1861 ते 1865 या काळात झालेले युद्ध, त्यातून झालेली गुलामांची मुक्तता आणि मुक्त झालेल्यांचे पुढे काय झाले, या तिन्हींचा सातारा-सांगलीशी नाते असलेल्या विचारवंतांनी लावलेला अर्थ. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा भाग 1949 पर्यंत साताऱ्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. म्हणून या विषयात दोन्ही जिल्हे एकत्रच घ्यावे लागतात.

खुद्द अमेरिकेत या युद्धाबद्दल आजही एकमत नाही. युद्ध गुलामगिरीसाठी झाले की संघराज्य टिकवण्यासाठी, हा तिथला जुना वाद. दक्षिणेच्या पराभवानंतर तिथल्या लेखकांनी राज्यांच्या हक्कांचा मुद्दा पुढे केला आणि गुलामगिरीला दुय्यम ठरवले. मराठी वाचकाने या वादात शिरताना वेगळाच प्रश्न हाती घेतला : बेडी तुटल्यावर माणसाच्या पदरात काय पडले? या प्रश्नाचे श्रेय मुख्यतः दोन माणसांना जाते आणि दोघांची नाळ साताऱ्याशी जुळलेली आहे.

जोतीराव फुले यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, तेही आज सातारा जिल्ह्यात. अमेरिका जोतीरावांना केवळ ऐकीव नव्हती. अमेरिकन क्रांतीचे पुरस्कर्ते थॉमस पेन यांचे लेखन त्यांनी तरुणपणी वाचले होते आणि अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांनी चालवलेली मुलींची शाळाही पाहिली होती. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपातील हा ग्रंथ त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला आणि आपले देशबांधवही शूद्रांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवतील, अशी आशा व्यक्त केली. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला त्यांनी जातिविषमतेविरुद्ध सत्यशोधक समाज स्थापन केला.

ही अर्पणपत्रिका भाबडी असल्याचा आक्षेप घेता येईल, पण तो टिकत नाही. ती लिहिली गेली तेव्हा अमेरिकेत युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ चालू होता. 1865 ची तेरावी घटनादुरुस्ती गुलामगिरी संपवून गेली होती, 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व व 1870 च्या पंधराव्या दुरुस्तीने मताचा हक्क दिला होता. कृष्णवर्णीय प्रतिनिधी कायदेमंडळांत बसू लागले होते. दक्षिणेतून संघराज्याचे उरलेले सैन्य मागे घेतले गेले 1877 मध्ये, आणि हक्क हिरावून घेण्याचा सपाटा त्यानंतर लागला. म्हणजे जोतीरावांनी अमेरिकेकडे पाहिले ते तिच्या सर्वांत उमेदीच्या वर्षांत. शिवाय त्यांनी स्तुती केली ती अमेरिकन सत्तेची नसून स्वतःचा लाभ नसताना दुसऱ्याच्या सुटकेसाठी झिजणाऱ्या माणसांची. इथल्या उच्चवर्णीयांपुढे त्यांना तोच दाखला ठेवायचा होता. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या घटनेतून पुण्या-साताऱ्याच्या शेतकऱ्यासाठी युक्तिवाद उभा करणे, हे त्या काळातील मराठी विचाराचे फार मोठे धाडस होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आकलन याहून कठोर आहे. त्यांचे बालपण साताऱ्यात गेले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथल्या सरकारी शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) त्यांचे नाव घातले गेले. 1901 मध्ये वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलाला व त्याच्या सोबतच्या मुलांना मसूर स्थानकावर जात कळताच बैलगाडी मिळेना. हा प्रसंग त्यांनी पुढे आत्मकथनात सांगितला, आणि ते लिहिताना त्यांच्या नजरेसमोर परदेशी वाचक होता.

1913 ते 1916 ही वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काढली. पुनर्रचनेला चूक ठरवणाऱ्या आणि कृष्णवर्णीयांना राज्यकारभारास नालायक मानणाऱ्या इतिहासलेखनाचे मुख्य केंद्र त्या वेळी तेच विद्यापीठ होते. त्या संप्रदायाचे प्रमुख विल्यम डनिंग तिथेच शिकवत होते. 1915 मध्ये कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनला नायक बनवणारा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपटही आला. आंबेडकरांनी पुढे जे लिहिले ते या प्रवाहाच्या उलट दिशेचे आहे. 1945 च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या अर्थाच्या शीर्षकाच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे संपादक होरेस ग्रीली यांना ऑगस्ट 1862 मध्ये लिहिलेले पत्र पुढे आणले. संघराज्य वाचवणे हा आपला पहिला हेतू आहे, गुलामांचे काय करायचे ते त्यानुसार ठरेल, असा त्या पत्राचा आशय. स्वराज्य आधी आणि अस्पृश्यांचा प्रश्न नंतर, या काँग्रेस-गांधींच्या भूमिकेशी आंबेडकरांनी त्याची तुलना केली. युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीयांना शेवटी जुन्या मालकांच्याच हवाली केले गेले, हा धडा त्यांना अस्पृश्यांच्या राजकारणासाठी महत्त्वाचा वाटला. अस्पृश्यांच्या हक्कांची घटनेत लेखी हमी हवी, हा त्यांचा आग्रह यातून अधिक बळकट झाला असे मानण्यास जागा आहे.

गुलामगिरी वाईट की अस्पृश्यता, यावरही त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्याला राबवून घेणाऱ्यावर तेवढीही जबाबदारी नसते, असे त्यांचे म्हणणे. 1946 मध्ये त्यांनी अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली. डू बॉइस यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. 1935 मध्ये पुनर्रचनेचा इतिहास कृष्णवर्णीयांच्या बाजूने नव्याने मांडणारे तेच. फुल्यांनी मुक्ततेचा क्षण पाहिला, आंबेडकरांनी तिची फसगत. दोघांचे म्हणणे एकमेकांना खोडत नाही, कारण मधल्या सत्तर वर्षांत अमेरिका बदलली होती.

या युद्धाचा बाजाराशीही संबंध आला. अमेरिकेचा कापूस अडला, मुंबईत कापसाचे भाव चढले, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच कोसळले. 1875 मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या दख्खनच्या दंग्यांचे एक कारण म्हणून ही मंदी सांगितली जाते. दंगे मुख्यतः पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत झाले, पण शिराळ्याकडील कुकरूड येथेही सावकाराच्या घरावर हल्ला झाला होता. इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांनी 1972 मध्ये या दंग्यांचे महत्त्व फार फुगवले गेल्याचे मांडले. कर्ज, शेतसारा आणि पडलेले भाव या साऱ्याचा वाटा धरला, तर एकट्या कापसावर भार टाकणे सोपे असले तरी अपुरे आहे.

पुढचा दुवा उलट दिशेने, अमेरिकेतून इकडे, जुळला. मिनियापोलिसला जन्मलेल्या गेल ऑमव्हेट (1941–2021) यांनी 1973 मध्ये बर्कली येथे पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध पूर्ण केला. तो 1976 मध्ये ग्रंथरूपाने आला. त्यांनी वाळवा तालुक्यातील कासेगावला घर केले आणि 1983 मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. स्वातंत्र्यसैनिक इंदुमती पाटणकर या त्यांच्या सासूबाई. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील साताऱ्यातील, ब्रिटिश सत्तेला समांतर अशा प्रतिसरकारवरही ऑमव्हेट यांनी लिहिले आणि त्याची मुळे सत्यशोधक चळवळीने गावोगाव तयार केलेल्या जमिनीत दाखवली. प्रतिसरकारला केवळ 1942 च्या ‘चले जाव’चा स्थानिक अवतार मानणाऱ्यांना हे मत मान्य नाही. पण येडेमच्छिंद्र, कुंडल, कासेगाव या भागातील शेतकरी कार्यकर्त्यांची घडण पाहिली, तर ऑमव्हेट यांचे म्हणणे अधिक पटते.