तळटीप : ‘कुणाच्या तरी घरातून मैदानात’

१२. लेखकाने हे गमतीने लिहिलेले नाही. ल्युटन टाउन हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब 1905 पासून केनिलवर्थ रोडच्या मैदानावर खेळतो आणि तिथे पाहुण्या संघाच्या समर्थकांना ‘ओक रोड’ बाजूच्या स्टँडमध्ये, म्हणजे एका गोलामागे, बसवतात. तिकडे जायचा दरवाजा ओक रोडवरच्या एकमेकींना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगेतच काढलेला आहे. वर राहती खोली, खाली फिरते फाटक. आत शिरले की लोखंडी जिना चढायचा, आणि जिना जातो लोकांच्या परसांवरून. दोरीवर वाळत घातलेली चादर, उलटी ठेवलेली बादली, सगळे पायाखाली दिसते. आपल्याकडच्या चाळीत वाढलेल्याला यात काही नवल वाटणार नाही. गोऱ्या पाहुण्यांना मात्र त्याचेच फोटो काढायचे असतात.

पाहुण्यांची जागा वेगळी, दारही वेगळे, ही रीत इंग्लंडमध्ये मारामाऱ्यांमुळे पक्की झाली. याच मैदानावर मार्च 1985 मध्ये मिलवॉलविरुद्धच्या एफ. ए. कप सामन्यात मोठी दंगल झाली, खुर्च्या उखडून फेकल्या गेल्या. मग 1986-87 च्या हंगामापासून ल्युटनने पाहुण्या समर्थकांना काही वर्षे प्रवेशच बंद केला. प्रस्तुत लेखातला सामना त्यानंतरचा, 2009 ते 2014 या काळातला आहे. तेव्हा क्लब घसरून पाचव्या पायरीवर आला होता. 2023 मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये पोचला, तरी पाहुणे याच दारातून आत गेले.