फोटोग्राफरची शैली येते कुठून?



मागच्या भागानंतर एका तरुण मुलाने मला विचारलं, ‘सर, मी सगळ्याचेच फोटो काढतो. लग्न, देऊळ, पाऊस, रस्त्यावरची माणसं. मग माझी स्टाइल कोणती? आणि ती शोधायची कशी?’ मी त्याला काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. मीही पंधरा वर्षं बडोद्यात लग्नाचे फोटो काढले आहेत आणि हा प्रश्न मलाही पडलेला आहे. म्हणून आज इतिहासालाच विचारू या. आपल्या देशातल्या चार मोठ्या फोटोग्राफरांना त्यांचा विषय आणि त्यांची नजर कशी मिळाली?

सुरुवात इंदूरपासून. १८६६ साली रुडकीच्या थॉमसन कॉलेजातून शिकून बाहेर पडलेला एक तरुण इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागला. काम काय, तर इमारतींचे नकाशे काढायचे आणि खर्चाचे अंदाज बांधायचे. हे लाला दीनदयाळ, पुढे राजा दीनदयाळ म्हणून प्रसिद्ध झालेले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. त्यांना उत्तेजन देणाऱ्यांत दुसरे तुकोजीराव होळकर होते. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारतातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढले आणि त्यांचं पुस्तक १८८६ साली निघालं.

हे फोटो पाहताना एक गोष्ट लगेच जाणवते. देवळाचा खांब सरळ उभा, चौथऱ्याची रेघ आडवी, कडेला एखादा माणूस उभा केलेला, म्हणजे उंचीचा अंदाज यावा. ही नजर आली कुठून? मला वाटतं, नकाशाच्या टेबलावरून. ज्या माणसाने वर्षानुवर्षं पट्टी आणि कंपास चालवला, त्याच्या कॅमेऱ्यातली भिंत वाकडी कशी येईल? पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. शिकारी, मेजवान्या, महाल, सैन्य, सगळं त्यांनी टिपलं. पण दरबारातल्या पन्नास माणसांचा फोटो घेतानाही त्यांनी तो इमारतीसारखाच रचला. पाया, खांब, कळस.

दीनदयाळांनी बहुतेक विषय स्वतः निवडलेले नाहीत. आधी साहेबाने सांगितलं, मग निजामाने सांगितलं. म्हणजे विषय दुसऱ्याचा असला तरी शैली आपली राहू शकते. नोकरीच्या कामात, ऑर्डरच्या कामात ‘माझं असं काही नाही’ म्हणून जे रडतात, त्यांच्यासाठी ही पहिली गोष्ट. आणि रडणाऱ्यांत मीही होतो.

दुसरी गोष्ट माझ्या गावाची. म्हणजे बाई मूळच्या नवसारीच्या, पण त्यांची शेवटची बरीच वर्षं बडोद्यात गेली. होमाई व्यारावाला. जन्म १९१३ चा. वडील फिरत्या नाटक कंपनीत नट. मुंबईत शिकल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेल्या, आणि कॅमेरा शिकल्या तो माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, ज्यांच्याशी पुढे लग्न झालं. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने. बाईचं नाव कोणी ओळखत नव्हतं म्हणून.

१९४२ मध्ये दोघं दिल्लीला गेले, ब्रिटिश माहिती खात्याच्या कामावर. त्यानंतरची जवळजवळ तीस वर्षं सत्तेच्या सभोवतालचं जग होमाईंनी टिपलं. लॉर्ड माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, १९५६ मध्ये सिक्कीममार्गे भारतात आलेले तरुण दलाई लामा. आणि नेहरू. कबूतर उडवणारे नेहरू, विमानतळावर बहिणीला मिठी मारणारे नेहरू, आणि ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ अशा पाटीशेजारी उभे असलेले नेहरू. हा शेवटचा फोटो पाहून आजही हसू येतं.

मला मात्र त्यांच्या फोटोंत दुसरंच काही दिसतं. त्या कोणाला चोरून पकडत नाहीत. माणूस बेसावध असतो, पण बेइज्जत होत नाही. जवळ असूनही त्या एक पाऊल मागे उभ्या असतात. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून सायकलवरून फिरणारी ही बाई दिल्लीतल्या पुरुषांच्या घोळक्यात एकटी होती. आपण कसं वागतो याकडे सगळ्यांचं लक्ष आहे, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे नीट वागणं ही तिची गरज होती, आणि मग हळूहळू ती तिची शैली झाली.

३० जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला हाउसच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. नवऱ्याने थांबवलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणाले. त्या परत फिरल्या. तो उद्या आलाच नाही. ही हुरहूर त्यांना पुढे आयुष्यभर राहिली.

१९६९ मध्ये नवरा गेला, आणि १९७० मध्ये होमाईंनी फोटोग्राफी सोडली. मन उडालं होतं. नव्या फोटोग्राफरांची धक्काबुक्की, नेत्यांच्या तोंडावर कॅमेरे खुपसणं त्यांना सहन होईना. आमच्या वेळी काही नियम होते, कपड्यांचीही एक रीत होती, असं त्या पुढे मुलाखतींत सांगत. त्यानंतर त्यांनी पुन्हा फोटो काढले नाहीत. बडोद्यात एकट्या राहिल्या, बागकाम केलं, नळदुरुस्ती नि सुतारकाम स्वतःच्या हाताने केलं. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ च्या जानेवारीत गेल्या.

आता माझी एक गोष्ट सांगतो. एका लग्नात मंडपाच्या मागे, जनरेटरच्या आडोशाला, नवरीचे वडील एकटेच उभे राहून रडत होते. उपरण्याने डोळे पुसत होते. मी लांबच्या लेन्सने फोटो घेतला. खरं सांगतो, इतका चांगला फोटो मी त्याआधी काढला नव्हता. करिझ्मा अल्बममध्ये तो मी पूर्ण पानभर लावला. अल्बम द्यायला गेलो, तेव्हा त्या गृहस्थांनी ते पान पाहिलं, काही न बोलता उलटलं. रात्री फोन आला. ‘भाऊ, तेवढं एक पान बदलून द्याल का? कष्ट होतील तुम्हाला, पण मी त्यासाठीच मागे गेलो होतो ना.’

‘त्यासाठीच मागे गेलो होतो’ हे वाक्य डोक्यातून जाईना. त्यानंतर मी होमाईंचे फोटो पुन्हा पाहिले. त्यांनी किती वेळा बटण दाबलं नसेल, याचा विचार पहिल्यांदा मनात आला. शैली म्हणजे आपण काय काढतो एवढंच नसतं. आपण काय काढत नाही, हाही तिचा अर्धा भाग असतो.

इथे थांबलो असतो तर उत्तर सोपं होतं. सभ्य राहा, लांब राहा, झालं. पण तिसरी गोष्ट हे उत्तर मोडते.

सुनील जाना. जन्म १९१८, आसाममधल्या दिब्रुगडचा, वाढले कलकत्त्यात. इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी, फोटोग्राफी हा छंद. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात सुमारे तीस लाख माणसं मेली असं साधारणपणे मानलं जातं. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी या तरुणाला म्हणाले, चल माझ्याबरोबर. सोबत चित्रकार चित्तप्रसाद होते. जानांनी हाडांचे सापळे झालेली माणसं, रस्त्यावरची प्रेतं, अन्नछत्रापुढच्या रांगा यांचे फोटो काढले. पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकात ते छापून आले आणि देशाने बंगालकडे पाहिलं. शिक्षण बाजूला पडलं, जाना मुंबईत पक्षाच्या कम्यूनमध्ये राहायला आले.

मरणाऱ्या माणसाला कोणी विचारलं होतं का, तुझा फोटो काढू का? नाही. तो आडोशाला गेला असेल, तर? तरीही काढायचाच. कारण तो नसता तर सरकारी कागदात ‘अन्नटंचाई’ एवढाच शब्द उरला असता. नवरीच्या बापाचं रडणं त्याचं स्वतःचं होतं. बंगालमधली भूक ही त्या माणसाची खाजगी गोष्ट नव्हती, ती दुसऱ्या कोणीतरी त्याच्यावर आणली होती. फरक इथे आहे. आणि हा फरक कॅमेरा सांगत नाही, आपल्यालाच ठरवावा लागतो.

जाना पुढे दुष्काळाचेच फोटोग्राफर होऊन राहिले नाहीत. शेतकरी, गिरणी कामगार, कोळी, नर्तकी, धरणं, पोलादाचे कारखाने, आणि देशभरातले आदिवासी. आदिवासींवरचं त्यांचं मोठं पुस्तक १९९३ मध्ये आलं. यातले बरेच फोटो खालच्या कोनातून घेतलेले आहेत. मागे आभाळ, पुढे ताठ उभा माणूस. ज्याने माणसाला जमिनीवर पडून मरताना पाहिलं, त्याने पुढे माणसाला उभा दाखवला, असं मी त्याकडे पाहतो. हा माझा अर्थ आहे, पण फोटो पाहा, तुम्हालाही पटेल.

चौथी गोष्ट रंगाची. रघुबीर सिंग, जन्म १९४२, जयपूर. कॅमेरा स्वतःच शिकलेले. १९६६ मध्ये जयपुरात त्यांनी आंरी कार्तिए-ब्रेसाँला काम करताना पाहिलं. ब्रेसाँ म्हणजे कृष्णधवल फोटोग्राफीचा तेव्हाचा परमोच्च. कोणीही त्याच वाटेने गेला असता. त्या काळी कलात्मक फोटो म्हणजे कृष्णधवल, आणि रंग म्हणजे जाहिरात नि कॅलेंडर, अशी समजूत होती.

सिंग यांनी गर्दीत शिरून क्षण पकडणं ब्रेसाँकडून घेतलं, पण रंग सोडला नाही. परदेशी मासिकांसाठी काम करताना ते कोडाक्रोम स्लाइड फिल्म वापरत. ही फिल्म मंद, तिला भरपूर ऊन लागतं. आपल्याकडे ऊन कमी कुठे आहे? त्यांनी पुढे लिहूनही मांडलं की भारतीय नजर रंगातच विचार करते, राजस्थानी आणि मुघल लघुचित्रं पाहा. गंगा, राजस्थान, मुंबई, ग्रँड ट्रंक रोड अशी एकेक जागा धरून त्यांनी पुस्तकं केली. शेवटी शेवटी तर अँबॅसडर गाडीची खिडकी, दार आणि आरसा यांचीच चौकट करून देश पाहिला. १९९९ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये वारले, ते पुस्तक नंतर २००२ मध्ये आलं.

या चौघांतल्या फक्त सिंग यांनी आपली शैली शब्दांत मांडून तिच्यासाठी वाद घातला. पण तीही आधी कामात आली, मग लेखात.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता पुन्हा देतो. शैली शोधायला वेगळा निघू नकोस. गेल्या दोन वर्षांतले तुझे दोनशे फोटो काढून जमिनीवर पसर. त्यांतले कोणीही न सांगता काढलेले कोणते, ते बाजूला कर. तिथे तुझा विषय दिसेल. मग ऑर्डरचे फोटो पाहा. तिथेही तुझा हात जिथे वारंवार एकाच तऱ्हेने वळला असेल, ती तुझी शैली. आणि शेवटी डोळे मिटून आठव, कोणते फोटो समोर असूनही तू काढले नाहीस. ते का काढले नाहीस, याचं उत्तर देता आलं तर बाकीचं आपोआप येईल.

मी त्या गृहस्थांना पान बदलून दिलं. मूळ फोटो अजून माझ्याकडे आहे. या मालिकेत मी शेकडो फोटो दाखवले, तो कधी दाखवला नाही, आणि दाखवणारही नाही.