फुरसुंगी ते शेंडेनक्षत्र : भा. रा. भागवतांची साहसयात्रा

१/ १८६४ साली कल्याण सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ज्यूल व्हर्नची भूगर्भातील प्रवासाची कादंबरी प्रसिद्ध झाली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु पुढे ती कादंबरी ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ होऊन मराठी मुलांच्या हाती आली, ती भा. रा. भागवतांमुळे. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी.

२/ भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म १९१० साली इंदूरचा. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक सुरू केले. पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यकार होत्या. स्वातंत्र्य मिळून चारच वर्षे झाली होती. नव्या देशातील मुलांनी काय वाचावे, हा प्रश्न तेव्हा ताजा होता.

३/ तोवरच्या बालवाङ्मयावर संस्काराची छाया गडद होती. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील श्याम आठवा : त्याचे जग आईभोवती फिरते. भागवतांनी मुलाला उंबऱ्याबाहेर काढले.

४/ हे त्यांनी कसे साधले, याचे उत्तर शीर्षकांतच आहे. व्हर्नच्या चांद्रप्रवासाला त्यांनी नाव दिले ‘चंद्रावर स्वारी’. धूमकेतूवरच्या कादंबरीला ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. ‘स्वारी’ आणि ‘मुक्काम’ हे बखरींतले, लष्करी हालचालींचे शब्द. ‘शेंडेनक्षत्र’ हे आजीच्या तोंडचे नाव. परकी कल्पना अशी घरच्या शब्दांत उतरली, की वाचणाऱ्या मुलाला ती उसनी वाटली नाही.

५/ दुसरी पायरी अधिक धाडसाची होती. साहसाचा नायक परदेशी शास्त्रज्ञच कशाला हवा? भागवतांनी पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा बनेश फेणे उभा केला. काडी पैलवान, हाताशी सायकल, तोंडात ‘ट्टॉक’. हाच ‘फास्टर फेणे’. त्याची वीस पुस्तके झाली. पुण्याच्या गल्ल्यांतून निघालेला हा मुलगा प्रतापगडावर गेला आणि चिनी आक्रमणाच्या काळातील नेफापर्यंतही पोहोचला.

६/ माझ्या मते भागवतांचे ऐतिहासिक महत्त्व इथे आहे. साहसासाठी जहाज लागत नाही, श्रीमंत काका लागत नाही. सायकल आणि चौकस डोळे पुरतात, हे त्यांनी निमशहरी मराठी मुलाला पटवून दिले. डोंबिवलीतून लोकलने निघून माहुलीच्या पायथ्याशी उतरणाऱ्या आपल्या पिढीलाही ही गोष्ट ओळखीची वाटेल.

७/ १९८७ मध्ये फेणे दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये चित्रपटात. २००१ साली भागवत गेले. पुस्तके मात्र आजही छापली जातात.

८/ चिंता आहे ती मासिकांची. पुस्तकाची आवृत्ती निघते, अंक रद्दीत जातो. अंकाबरोबर जाहिराती, वाचकांची पत्रे, कोडी, चित्रे, म्हणजे त्या काळच्या बालपणाचा सारा पुरावाच जातो. राजांची पत्रे आपण जपतो. मुलांची मासिके हे इतिहासाचे साधन आहे, हे अजून आपल्या गळी उतरलेले नाही.

९/ म्हणून एक विनंती. घरच्या माळ्यावर पन्नाशी-साठीच्या दशकांतले मुलांच्या मासिकांचे अंक असतील, तर ते रद्दीत देऊ नका. पाने स्कॅन करा, अंकाचा महिना व वर्ष नोंदवा, आणि जवळच्या जुन्या ग्रंथालयाला विचारा. कल्याणचे वाचनालय आहेच. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालयही १८९३ पासून उभे आहे.

सायकल काढा. मोहीम जवळचीच आहे.